मोबाइल नेटवर्कच्या चाचण्या ऑटोमेट करायच्या तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या लॅबमध्ये स्वतःचं ४जी नेटवर्क आहे, दर बिल्डनंतर फोन हातात घेऊन तपासता, आणि हे रोज रात्री आपोआप व्हायला हवंय. मग आधी रेडिओच बाजूला ठेवा. एसआरएसरॅन ४जी या ओपन-सोर्स ४जी सॉफ्टवेअरमध्ये झीरोएमक्यू ड्रायव्हर आहे, तो रेडिओऐवजी सिग्नल सॉफ्टवेअरमधूनच पोहोचवतो. त्यावर बेस स्टेशन आणि सॉफ्टवेअर यूई (म्हणजे सॉफ्टवेअरमधला फोन) अँटेनाशिवाय एकाच मशीनवर बोलतात. अटॅच (नेटवर्कला जोडणी), आयपी मिळणं आणि पिंग एवढं जेनकिन्सवर (टेस्ट आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) रोज चालू लागलं, की कोअरमधले, म्हणजे नेटवर्कच्या मध्यवर्ती भागातले, बरेच बग तिथेच सापडतात.

खरं हार्डवेअर त्यानंतर. फोनपेक्षा यूएसबी मोडेम बरे, एटी कमांडने (मोडेमला पाठवायच्या मजकुरी आज्ञा) सगळं करता येतं. सिग्नल हवेत सोडू नका. एकतर लायसन्सचा प्रश्न, शिवाय शेजाऱ्यांचे फोन तुमच्या नेटवर्कवर डोकावतील. कोॲक्स केबल, मध्ये सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर (तो नसेल तर रिसीव्हर सॅच्युरेट होतो), चाचणीसाठीचा नेटवर्क कोड ००१-०१, आणि के व ओपीसी (सिमच्या गुप्त किल्ल्या) स्वतः टाकता येतील अशी प्रोग्रॅमेबल सिम. पोर्टनिहाय वीज बंद-चालू करता येणारा यूएसबी हब घ्याच. मोडेम हँग होतात, आणि तेही नेमके रात्री.

पण माझ्या मते खरी डोकेदुखी आहे ती आधीच्या टेस्टच्या उष्ट्याची. समजा, एका टेस्टमध्ये दुसऱ्या होम नेटवर्कच्या सिमला रोमिंग नाकारायचं आहे. तुमचा एमएमई (फोनला प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवणारा कोअरचा भाग) कॉज ११, म्हणजे 'या नेटवर्कवर परवानगी नाही', असं पाठवतो, टेस्ट पास. पण मोडेमने ००१-०१ हा कोड सिमवरच्या 'निषिद्ध नेटवर्क' यादीत लिहून ठेवलं. पुढच्या टेस्टमध्ये त्याच सिमला रोमिंग मिळायला हवं, पण ऑटोमॅटिक निवडीत मोडेम तुमच्या नेटवर्ककडे बघतच नाही. वीज घालवूनही फरक पडत नाही, कारण यादी सिममध्ये आहे. कोअरच्या लॉगमध्ये तर काहीच नसतं, रिक्वेस्टच आलेली नसते! म्हणून प्रत्येक टेस्टआधी एटी+सीआरएसएम या कमांडने सिमवरची ६एफ७बी ही त्या यादीची फाइल एफएफने भरून, म्हणजे रिकामी करून, टाका (कमांडमध्ये तिचा नंबर दशमान पद्धतीने द्यायचा, २८५३९) आणि मग मोडेम रीसेट करा. सिमचा पिन बंद ठेवा.

टेस्टचा क्रमही अधूनमधून उलटसुलट करा, असलं उष्टं लगेच उघडं पडतं.

तयार सांगाडा हवा असेल तर ऑस्मोकॉम या ओपन-सोर्स मोबाइल प्रकल्पाचा ऑस्मो-जीएसएम-टेस्टर बघा. मोडेम, बेस स्टेशन यांचं वाटप तो स्वतः करतो आणि निकाल जेयुनिट एक्सएमएलमध्ये (जेनकिन्सला वाचता येणारा फॉरमॅट) देतो.

फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवून हिरवी करून घेण्याच्या मी विरोधात आहे. त्याऐवजी प्रत्येक टेस्टचा वेगळा पीकॅप (नेटवर्कवरच्या पॅकेट्सची नोंद) ठेवा. त्यात एस१ची (बेस स्टेशन आणि कोअरमधला दुवा) सिग्नलिंग, म्हणजे एससीटीपी पोर्ट ३६४१२, आलीच पाहिजे.