परत वाच

ताई, मी 29 वर्षांची, राहायला कळव्याला, नोकरी महापेला. मला लेखिका व्हायचंय. लिहायचं तर भरपूर वाचायला हवं म्हणतात, म्हणून यंदा 52 पुस्तकांचा संकल्प केला. 47 झाली, यादी सोबत जोडते आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तकं आणते, लोकलमध्ये वाचते, स्वयंपाक करताना ऑडिओबुक दीडपट वेगाने ऐकते. तरी तिन्ही कथा दिवाळी अंकांकडून साभार परत आल्या. त्यात रोज रात्रीचा एक तास फुकट जातो. सासऱ्यांना काचबिंदूमुळे दिसत नाही, त्यांना वाचून दाखवावं लागतं. एकच कथासंग्रह महिनाभर चाललाय, कारण ते मधेच 'परत वाच' म्हणतात. परवा 'तिने कपबशी विसळून पालथी घातली' हे इतकं साधं वाक्य तीनदा वाचायला लावलं! त्यांना मोबाइलवर ऑडिओबुक लावून दिलं तर माझा तास वाचेल. वाईट दिसेल का?
– वाचनवेडी, कळवा

अगं वाचनवेडे,

वाईट दिसेल की नाही ते तुमच्या घरातलं तुम्ही बघा. मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कपबशीपाशी थांबले. चार पानी पत्र, सोबत 47 पुस्तकांची यादी, आणि एवढ्या सगळ्यात तुला शब्दन् शब्द आठवलेलं वाक्य किती? एक. तेही फुकट गेलेल्या तासातलं. उरलेल्या पुस्तकांमधलं एकही वाक्य तुझ्यासोबत कोपरखैरणेपर्यंतसुद्धा आलेलं दिसत नाही.

वर त्याला साधं म्हणतेस! बघ जरा. कपबशी घासली नाही, विसळली. म्हणजे नुसतं पाणी फिरवलं, कारण उद्याही तीच, तिचीच. कपबशा नाहीत, एकच कपबशी आहे. आणि पालथी घातली, म्हणजे आज आता कुणी यायचं नाही, चहा व्हायचा नाही. ही बाई एकटी आहे असं लेखकाने कुठे लिहिलंय का? दोन क्रियापदांत काम झालं. सासऱ्यांना हे असं फोड करून सांगता येणार नाही कदाचित, पण त्यांच्या कानाला ते लागलं. म्हणून म्हणाले, परत वाच.

आता तू पाठवलेल्या कथेचं पहिलं वाक्य घे. 'तिच्या मनात असंख्य विचारांचं काहूर माजलं होतं.' हे काहूर आलं कुठून, सांगू? दीडपट वेगातून. भराभर वाचलं की लेखकाचं स्वतःचं असं जे असतं ते निसटतं, आणि सगळ्या पुस्तकांत सारखं असतं तेवढं अंगाला चिकटतं. काहूर माजणं, काळजात चर्र होणं, डोळ्यांच्या कडा पाणावणं. मग लिहायला बसलीस की हातात तेच येतं. संपादकाला दिवसभरात अशी वीस काहुरं भेटत असतील, त्याचा तरी काय दोष?

माझ्या आजीला अक्षर ओळख नव्हती. श्रावणात मी तिला पोथी वाचून दाखवायचे. खेळायला पळायच्या घाईत दोन ओव्या गाळल्या की तिची जपमाळ थांबायची. बोलायची काही नाही, नुसती बघायची. मी निमूट मागे जायचे. ज्ञानेश्वरीसुद्धा नेवाशाला आधी श्रोत्यांपुढे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, अशी परंपरा आहे. त्यात ज्ञानदेव किती वेळा श्रोत्यांकडे वळून बोलतात! समोर कुणीतरी कान देऊन बसलंय याचा धाक भाषेला मानवतो. तो धाक तुला रोज रात्री घरात मिळतोय आणि तू त्यावर मोबाइल ठेवायला निघालीस.

यात सेवा, पुण्य, सुनेचं कर्तव्य वगैरे मी मुळीच आणत नाहीये. सासऱ्यांना दुपारी ऑडिओबुक लावून दे, खुशाल. रात्रीचा तास मात्र तुझा आहे, तो सोडू नकोस. तुझ्या संकल्पातली उरलेली पाच पुस्तकं राहिली तर राहू देत. यादी बघायला मी यापुढे येणार नाही.

येत्या रविवारी काहूरवाली कथा त्यांना वाचून दाखव. कुणाची आहे ते सांगायचं नाही, एका मासिकात आलीये म्हण. (खोटं बोलल्याचं पाप माझ्या खात्यावर.) नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या आवाजात वाच, तुझी आहे म्हणून कुठे जोर देऊ नकोस. 'परत वाच' म्हणाले की वहीत ते वाक्य उतरव. हो, वहीतच. संग्रहालय 1893 पासून पुस्तकं सांभाळतंय, त्यांच्या पानांवर पेन्सिल फिरवायची सवय लावून घेऊ नकोस.

एकदाही थांबवलं नाही तर मला कळव. मधेच घोरायला लागले तर कुठल्या पानावर, तेही.

– तुझी ताई