बिली क्रिस्टलचा जुना 'रनिंग स्केअर्ड' आज बघण्यासारखा आहे का?

हो, जरूर बघा. 1986 चा, दिग्दर्शक पीटर हायम्सचा सिनेमा; पोलीस-जोडीच्याच गाजलेल्या 'लेथल वेपन'च्याही आधीचा, म्हणूनच बहुधा त्याच्या सावलीत मागे पडला. शिकागोचे दोन पोलीस, क्रिस्टल आणि ग्रेगरी हाइन्स, नोकरी सोडून फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' बेटावर बार काढायच्या विचारात. कथा बेताची. पण जोडी काय जमलीय! एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा ते उचलतो. आणि तो पाठलाग: लिमोझिनच्या मागे टॅक्सी थेट उंचावरच्या रेल्वेच्या रुळांवर! पुण्यात कर्वे रोडला मेट्रोच्या पुलाखाली उभं राहून वर बघा, म्हणजे त्यातलं धाडस कळेल. कोथरूडला मित्राकडे आम्ही तो प्रसंग लगेच पुन्हा लावला. 'व्हेन हॅरी मेट सॅली'मुळे क्रिस्टल आवडत असेल, तर त्याआधीचा हा चपळ क्रिस्टल चुकवू नका.