पत्रकं नको, वही घेऊन जा

परवा फोनवर सांगत होतीस ना, गोव्यात पर्वरीच्या बांधकाम साइटवर कामगारांना सुरक्षेची आणि हक्कांची पन्नास पत्रकं वाटली आणि संध्याकाळी गाडेवाल्याने त्यातच भजी बांधून दिली. मला हसू आलं, कारण माझीही पहिली पत्रकं अशीच गेलीत. वाईट वाटून घेऊ नको.

आधी वेळ बदल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेलीस की मुकादम कान देऊन उभा असतो, त्याच्यासमोर कोण काय बोलणार? सातनंतर त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांकडे जा, आंघोळी झालेल्या असतात, स्टोव्हवर भात चढलेला असतो, तेव्हा माणूस बोलतो. आणि कन्नड येणारी एखादी मैत्रीण सोबत घे, विजापूरकडच्या बायका तुझ्या हिंदीला नुसती मान हलवतात आणि आपल्याला वाटतं समजलं.

दुसरं म्हणजे लेक्चर देऊ नको. म्हापशाच्या एका साइटवर तिसऱ्या मजल्यावर एक पोरगा बाहेरून प्लास्टर करत होता, सेफ्टी बेल्ट अंगावर पण हूक मागच्या खिशात खोचलेला. खाली आल्यावर मी झापायलाच निघालो होतो, तर तो शांतपणे म्हणाला, "अडकवू कुठे? ज्या बांबूवर उभा आहे त्यालाच?" बरोबर होतं त्याचं! परांचीच सुटली तर बेल्ट त्याला सोबत घेऊनच खाली येणार. वरच्या पक्क्या कॉलमला बांधलेला वेगळा दोर पाहिजे, आणि तो बांधून द्यायचं काम ठेकेदाराचं, त्या पोराचं नाही. तेव्हापासून मी आधी विचारतो आणि मग बोलतो. पावसात तर बघच, टेप गुंडाळलेल्या वायरी पाण्यात लोळत असतात आणि दीड मीटरहून खोल चरात आधार न लावताच माणूस उतरवतात, चिखल बसला की ओरडायलाही वेळ मिळत नाही.

हक्कांचं बोलताना पैशापासून सुरुवात कर, तिथे सगळे कान टवकारतात. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयापर्यंत होते, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम केलेलं पाहिजे. कायदा १९९६ चा, नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी नवे लेबर कोड, म्हणजे एकत्र केलेले कामगार कायदे, आले पण ही ९० दिवसांची अट तशीच आहे. मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या सेसमधून, म्हणजे उपकरातून येतो, म्हणजे ही भीक नाही हे त्यांना दोनदा सांग. घोडं अडतं ते सहीवर, ठेकेदार ९० दिवसांचा दाखला देत नाही. म्हणून प्रत्येकाला स्वतःची हजेरीची वही ठेवायला लाव, तारीख, साइट, मुकादमाचं नाव, किती मिळाले, आणि रोज रात्री पानाचा फोटो गावी घरच्यांना पाठवायचा. वही हरवते गं, फोटो राहतो.

पहिल्या पानावर गावचा पत्ता आणि घरचा नंबर. ४ जानेवारी २०१४ ला काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली, त्यानंतर मी हे पान कधीच सोडलं नाही. अपघात झाला आणि ठेकेदार फोन बंद करून बसला तरी भरपाईसाठी, ज्याने ठेकेदाराला काम दिलं त्या मूळ मालकालाही धरता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. फुकट वकिलासाठी १५१००, हा नंबर वहीच्या कव्हरवर मोठ्ठा लिहून दे.

एक मात्र कडक सांगतो. तक्रार तू करायची, कामगाराचं नाव पुढे करायचं नाही. फोटोत चेहरा नको, साइटचा फोटो टाकताना तर अजिबात नको. पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन लेखी दे आणि पोच घे, आपल्या उत्साहापायी एका माणसाची हजेरी गेलेली मी बघितली आहे, तो नंतर माझ्याकडे बघायचाही नाही.

रविवारी ये, वह्या मी आणतो. पेनं तू आण, आणि दोरी बांधलेली आण, मागच्या वेळी वीस नेली होती आणि परत आली तीन.

काका