जुहूच्या वाळूत सापडलेले चांदीचे रुपये कोणाचे?

प्रश्न: मी अंधेरीत राहतो. पावसाळा ओसरला की मेटल डिटेक्टर घेऊन जुहूच्या किनाऱ्यावर फिरायचा मला नाद आहे. सुट्टी नाणी नेहमीच मिळतात. दोन महिन्यांपूर्वी मात्र हातभर खोल वाळूत एका गंजलेल्या डब्यात चांदीचे चौदा रुपये सापडले. काही १८६२ सालचे राणीछाप, बाकीचे पंचम जॉर्जचे. सगळ्यात अलीकडचा १९१९ चा. दुसऱ्या एका दिवशी सोन्याची अंगठी मिळाली, आतून नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. एका नाणेव्यापाऱ्याने रुपयांसाठी पाच हजार इसार दिला आहे. दोन रुपये लंडनच्या भावाला द्यायचे आहेत. मित्र म्हणतो, पोलीस पकडतील. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, व्यापाऱ्याचा इसार परत करा. शक्यतो बँकेतून करा, रोख दिलात तर लेखी पावती घ्या. एकही रुपया घराबाहेर जाऊ देऊ नका. चिंच-लिंबू लावून घासूही नका, जसे सापडले तसेच ठेवा. डब्याचे तुकडे टाकून दिले नसतील तर तेही जपा.

तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचा कायदा वेगळा आहे. सुट्ट्या नाण्यांची काळजी सोडा. वाटेवर रुपया सापडला, कोणाचा ते माहीत नाही, तो उचलला तर गुन्हा होत नाही, हे उदाहरण फौजदारी कायद्यानेच दिलेलं आहे. पन्नास पैसे आजही चलनात आहेत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. मात्र चालू नाणी वितळवू नका, त्याला नाणे कायदा, २०११ ची मनाई आहे.

अंगठीचं तसं नाही. आत नाव आहे, तारीख आहे, म्हणजे मालक शोधायला धागा आहे. असा धागा हातात असून वस्तू विकली किंवा ठेवून घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो अपहार ठरू शकतो. त्याला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड आहे. अंगठी घेऊन जुहू पोलीस ठाण्यात जा, फोटोसह अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. कोणाच्या तरी लग्नाची अंगठी आहे ती. कायद्याचा धाक नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आता चांदीचे रुपये. इथे लागू होतो तो भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू म्हणजे निधी, आणि तिची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. ही दहा रुपयांची मर्यादा १८७८ पासून तशीच आहे. राणीछाप रुपया वजनाने बरोबर एक तोळा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. म्हणजे तुमचं एकच नाणं ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडतं. कोणाच्या खिशातून पडून वाळूत रुतलेलं एकटं नाणं ‘दडलेलं’ म्हणायचं का, यावर वकील वाद घालू शकतात. डब्यात भरून हातभर खोल असलेल्या चौदा रुपयांबाबत त्या वादावर विसंबू नका.

जुहू उपनगर जिल्ह्यात येतं, म्हणून अर्ज मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांच्या वांद्रे पूर्वेच्या कार्यालयात. त्यात काय सापडलं, किती किंवा अंदाजे किमतीचं, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढं हवंच. सोबत प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. माल सरकारी कोषागारात जमा करायचा, नाहीतर मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. कायदा ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणतो, तुमचे दोन महिने गेले आहेत. उशीर का झाला आणि इसार घेऊन परत केला, दोन्ही खरं खरं लिहा. दोन महिने उशिरा स्वतःहून दिलेला अर्ज, आणि व्यापाऱ्याच्या दुकानात सापडलेली नाणी, यांत न्यायालयापुढे फार अंतर पडतं.

लोक हा कायदा ऐकून घाबरतात आणि नाणी लपवतात. याचं मला वाईट वाटतं, कारण तो मुळात शोधणाऱ्याला बरंच देतो. अर्ज गेल्यावर जाहीर नोटीस निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. तुमचा डबा १९१९ च्या आधी पुरलेला असू शकत नाही, पण नंतर कधीही पुरलेला असू शकतो. त्यामुळे गेल्या शंभर वर्षांत आपल्या आजोबा-पणजोबांनी पुरला, असं सांगत कोणी पुढे येऊ शकतं. कोणी आलं नाही आणि निधी बेवारस ठरला, तर जागेच्या मालकाने हक्क न सांगितल्यास सगळा तुमचा. त्याने सांगितला तर तीन चतुर्थांश तुमचा, एक चतुर्थांश त्याचा. भरतीच्या रेषेखालची जमीन जमीन महसूल संहितेप्रमाणे राज्य सरकारची, तेव्हा हा हक्क सरकार सांगू शकतं. सरकारला नाणीच हवी असतील तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन ती घेता येतात. लपवलंत तर हा वाटा सरकारजमा होतो, वर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

भावाला देण्याचं मनातून काढून टाका. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे पुरावस्तू आहे. ते देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर पकडला जाईल तो तुमचा भाऊ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

एक तुम्ही विचारलेलं नाही, पण या नादात पुढचं पाऊल तेच असतं. यंत्र घेऊन वसईच्या किल्ल्यात किंवा घारापुरीला जाऊ नका. ती केंद्र संरक्षित स्मारकं आहेत आणि तिथे परवान्याशिवाय खोदण्याला ‘छंद होता’ हा बचाव चालत नाही.

अर्जाचा मसुदा या आठवड्यात एखाद्या वकिलाला दाखवा, आणि कार्यालयातून निघण्यापूर्वी तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख पडली आहे ना, ते तिथेच पाहून घ्या.