दाद मिळाली की दिलासा?

प्रश्न असा आहे : ‘वीज नियामक आयोगाच्या बातमीत “ग्राहकांना तातडीचा अंतरिम दिलासा” असं वाचलं. आदेशातल्या “रिलीफ”ला दिलासा म्हणावं का?’

माझ्या मते म्हणू नये. दिलासा फारसीतून आला, त्यातलं ‘दिल’ उघडच दिसतं. पाठीवरून हात फिरवतात तो दिलासा. आयोगाकडे आपण मागतो ती दाद. हाही शब्द फारसीच, अर्थ न्याय. इराणमध्ये न्यायालयाला आजही ‘दादगाह’ म्हणतात. दाद मागणं, दाद लागू न देणं, दादफिर्याद, सगळं त्याच घरातलं. गाण्याला देतो ती दादसुद्धा, मला वाटतं, गुणाला केलेला न्यायच. इतका मुरलेला शब्द हाताशी असताना तो बाजूला पडतो, याचं वाईट वाटतं.

आणि दिलाशाने घोटाळाही होतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या पिठाच्या गिरणीला अवाच्या सवा बिल आलं, मागोमाग वीज तोडायची नोटीस. तक्रार मंचाकडून आदेश आल्यावर मुलगा म्हणाला, “आई, दिलासा मिळाला.” काकूंना वाटलं बिल माफ झालं! आदेशात होतं एवढंच, की निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडू नये.

विद्युत अधिनियम, 2003 मध्ये हे नीट वेगवेगळं मांडलंय. कलम 94 आयोगाला अंतरिम आदेशाचा अधिकार देतं. कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, की निकालापर्यंत वीज तोडता येत नाही. यात माफी कुठेच नाही. मार्च 2020 मध्ये राज्याच्या आयोगाने उद्योग-व्यवसायांच्या स्थिर आकाराच्या, म्हणजे वापर कितीही असला तरी बिलात लागणाऱ्या ठरावीक रकमेच्या, वसुलीला तीन बिलांपुरती स्थगिती दिली, तीही स्थगितीच. पैसे पुढे भरायचेच होते.

म्हणून बातमीत आदेशाने काय केलं ते लिहावं : ‘वीज तोडायला तात्पुरती मनाई’, ‘वसुलीला स्थगिती’. बोलताना ‘स्टे मिळाला’ म्हटलं तरी माझी हरकत नाही, अर्थ चोख पोचतो.

कागद वाचून घेतल्यावर काकूंनी दारात आलेल्या वायरमनला सांगितलं, “निकाल लागेस्तोवर लाईन तोडायची नाही, असा हुकूम आहे.”