माईंना विचारा: मुलांना रमवायचं की रांधायचं?

प्रश्न: माई, नमस्कार. मी फोंड्याला फ्लॅटमध्ये राहते. धाकट्याच्या वेळी बँकेतली नोकरी सोडली. थोरली चार वर्षांची, धाकटा दीड. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, सकाळी जातो तो काळोख पडल्यावर येतो. थोरली बालवाडीतून आली की मग बाहेर पाऊस आणि घरात आम्ही तिघं. फोनवर बघते तर बाकीच्या आया रंगवलेले तांदूळ, चकचकीत कागद, गोंद घेऊन मुलांकडून रोज काहीतरी नवीन करून घेतात. मीही ते सामान मागवलं. मुलांचं पंधरा मिनिटांत झालं, आवरायला मला तास लागला. त्यात स्वयंपाक राहतो आणि रोज आमटी-भातावर भागवावं लागतं. मुलांना रमवायचं की रांधायचं? (एक आई, फोंडा)

माई: अगो बाये, ते सामान डब्यात भर आणि माळ्यावर टाक. रंगवलेले तांदूळ कोणी खात नाही, हे मुलांनाही कळतं. त्यांना गुंतवण्यासाठी म्हणून काही समोर ठेवलंस की ती लगेच उठतात. पण रात्रीच्या जेवणाला लागणारे मूग समोर आले तर थोरली बसेल. कारण ते तिने सोलले नाहीत तर जेवायला मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगांची भाजी नाही, आणि हे तिला माहीत असतं.

म्हणून मुगापासूनच सुरुवात कर. रात्री मूग भिजत घाल, सकाळी फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतात. मोठ्या परातीत कोमट पाणी घेऊन मूग त्यात सोड आणि थोरलीला दोन्ही हातांनी हलके चोळायला सांग. सालं सुटून वर तरंगतात, ती तिने ओंजळीने काढायची. मोड मोडतील, थोडे मूग जमिनीवर जातील, जाऊ देत. दीड वर्षाच्याला मूग देऊ नकोस, तो नाकात घालेल. त्याच्यापुढे रिकामा टोप आणि पळी ठेव. परातीतल्या पाण्याजवळ दोघांनाही एकटं सोडून उठायचं नाही, पाणी चार बोटं असलं तरी.

मूग हळद घालून शिजव, पण पीठ होऊ देऊ नकोस. खोबरं, धणे, सुकी मिरची वाटून लाव, चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा घाल, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. कांदा-लसूण नको. धाकट्यासाठी वाटण घालण्याआधीच वाटीभर काढून मऊ भातात कुस्कर. सालं कुंडीत टाकायला थोरलीलाच पाठव, हे काम मुलांना स्वयंपाकाहून जास्त आवडतं.

आता श्रावण आहे, तेव्हा पातोळ्या तर करायलाच हव्यात. आपल्याकडे नागपंचमीला होतात, शेजारच्या ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टला सायबिणीच्या, म्हणजे मदर मेरीच्या फेस्ताला होतात, आणि हळदीचं पान दोन्हीकडे सारखंच. बाजारात पानांची जुडी मिळते. पुढच्या वर्षी मात्र पावसाआधी ओल्या हळदीचे दोन तुकडे टबात पुरून ठेव, बाल्कनीत छान येते. सुरय, म्हणजे न उकडलेले तांदूळ भिजवून चिमूटभर मीठ घालून वाट, पीठ पसरेल इतपत दाट असावं. चुनासाठी, म्हणजे आतल्या सारणासाठी, ओलं खोबरं आणि माडाचा काळा गूळ मंद आचेवर एकजीव कर, वेलची घाल. ही शेगडीची कामं तुझी. पानं ओल्या फडक्याने पुसणं थोरलीचं. तिला सगळ्यांत लहान पान दे, त्यावर बोटांनी पीठ सारवू दे, चून ठेवून मुडपू दे. तिचं पीठ एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पान दिसेल असं होणार. मधे हात घालून ते सारखं करायचं नाही. मोदकपात्रात पंधरा-एक मिनिटं वाफव, आणि निवल्यावर तिचं पान तिनेच सोलायचं. पानाच्या शिरा पातोळीवर उमटलेल्या दिसतात, त्यावर ती तुझ्याशी बराच वेळ बोलेल. तू ऐकत ऐकत बाकीच्या पातोळ्या भर.

रोज एवढं जमणार नाही आणि जमावंही लागत नाही. थकलेल्या दिवसासाठी आपल्याकडे पेज आहे. उकड्या तांदळाची, थोडी दाट, मीठ घातलेली. उकडं भात कोंड्यासकट उकडून मग सुकवतात, त्यामुळे सालाजवळची ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. तेव्हा पेज दिली म्हणून कमी पडलं असं मनात आणू नकोस. धाकट्याला तूप घालून दे, तुला चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरलेली कैरी, किंवा भाजलेला खारा बांगडा. रांधण्याचा तुझा अर्धा तास वाचला, तो झोपेत घाल.

सायंकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला की थोरलीला पैसे हातात देऊन तुझ्यासोबत खाली ने. पोयी किती, उंडे किती, हे तिनेच सांगायचं. आणखी एक गंमत: कोणाच्या कुंपणावर निळी गोकर्ण असेल तर चार फुलं आण. तू गरम पाण्यात घाल, पाणी निळं होईल. निवल्यावर तिला लिंबू पिळायला दे, ते जांभळं होऊन गुलाबीकडे जाईल. यासाठी काहीही मागवावं लागत नाही.

आणि पाऊस ऐकत खिडकीत नुसती बसली मुलं, तर बसू दे. त्यांना कंटाळा आला म्हणून आईने धावायचं, हा नियम कुठून आला ठाऊक नाही. आमच्या म्हार्दोळच्या घरात तरी तो नव्हता. मुलं पडवीत, मी चुलीपाशी, हाक पोचली की झालं.

प्रश्न: माई, मी डिचोलीची. लग्नाला सहा वर्षं झाली. मुलीसाठी घरी राहते. नणंद आली की म्हणते, "हिला काय, घरीच तर असते." नवरा काही बोलत नाही, पण बाजाराच्या पैशांचा हिशेब मागतो. वाईट वाटतं. (डिचोली)

माई: नणंदेला उत्तर देऊ नकोस. पुढच्या खेपेला ती आली की मुलगी तिच्याकडे सोपवून तू सकाळभर साखळीच्या बाजारात जाऊन ये.

नवऱ्याचं वेगळं. त्याच्याशी शांतपणे बसून बोल, आणि बोलण्याआधी दोन गोष्टी जाणून घे. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरतात, अर्धी तुझी. जमीनजुमला विकायचा तर तुझीही सही लागते. तू कमावतेस की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही. हिशेब द्यायचा तर दे, पण मग दोघांनी एकच वही ठेवायची आणि त्याचाही खर्च तिच्यात लिहायचा.

दुसरी गोष्ट, सरकारची गृह आधार योजना गृहिणींसाठीच आहे, महिन्याला 1,500 रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असावं लागतं आणि गोव्यातलं वास्तव्य दाखवावं लागतं. बसत असशील तर महिला व बालविकास खात्यात अर्ज कर. पैसे तुझ्या स्वतःच्या खात्यात येऊ देत. त्यांचा हिशेब कोणी मागणार नाही, आणि मागितला तरी देऊ नकोस.

प्रश्न: मणगणं, म्हणजे चणाडाळ-साबुदाण्याची खीर करताना दरवेळी नारळाचा रस फुटतो आणि चणाडाळ कचकचीत राहते. चवथीला करायचं आहे. (पेडणे)

माई: दोन्ही घाईमुळे होतं. डाळ आधी भिजवून नुसत्या पाण्यात किंवा पातळ रसात शिजव. दाणा बोटांत दाबला जाईपर्यंत गूळ घालायचा नाही, गूळ पडला की डाळ पुढे मऊ होत नाही. मग भिजवलेला साबुदाणा, तो पारदर्शक झाला की गूळ, आणि गुळाला एक उकळी. त्यानंतर आच अगदी बारीक. पहिला दाट रस सगळ्यांत शेवटी घाल, ढवळत राहा, कडेला वाफ दिसली की उतरव. उकळू द्यायचा नाही. तरीही भीती वाटत असेल तर चमचाभर तांदळाचं पीठ पातळ रसात कालवून आधी लाव, त्याने रस सांभाळला जातो. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या गडबडीत शेगडीपाशी कोणाला तरी उभं कर. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या वाटीत काजूचे मोठे तुकडे जाऊ देऊ नकोस, घशात अडकतात. बारीक कुटून घाल.