सहलीचं नाव काढलं की पोटात दुखतं

"मॅडम, शाळेची सहल पद्मालयाला चाललीये. बाकीची पोरं उड्या मारताहेत, आमचा मात्र पोट धरून बसतो. पाठवू की नको?" हिवाळा लागला की जळगावकडच्या आया हा प्रश्न हमखास घेऊन येतात. त्यातलाच हा एक मुलगा, पाच वर्षांचा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डॉक्टरांनी तपासलं होतं, पोट ठीक होतं. आजीचं म्हणणं, "पोर्‍याले नजर लागनी." घरचे सगळे त्याला समजावत होते: कमळांचं तळं आहे, उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती शेजारी-शेजारी आहेत, खूप मजा येईल! पण घाबरलेल्या मुलाला मजेचं वर्णन ऐकवलं की आपलं कुणी ऐकतच नाही, एवढंच त्याला कळतं.

मी सहलीवरचं एक चित्रपुस्तक मायलेकांपुढे ठेवलं, जवळपास बिनशब्दांचं. आईला सांगितलं, वाचून दाखवू नका, पान तोच उलटेल. "हे काय, ते काय" अशी परीक्षा नको. "इथे काय चाललंय?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं.

खाऊचं पान त्यानं झरकन उलटलं. झोक्याचंही. बसच्या पानावर मात्र थांबला, खिडकीतल्या मुलावर बोट ठेवलं.

"याला शू लागली तर?"

आई लगेच "अरे, बाई असतात ना" म्हणणार होती. मी हातानंच थांबवलं.

"कुणाला सांगेल तो?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. चड्डी ओली होईल. सगळे हसतील."

पोटदुखी इथे होती. आईनं वर्गाच्या बाईंशी बोलून खूण ठरवली, शू लागली की कान धरायचा. बस वाटेत एरंडोलला थांबवायचं ठरलं. बॅगेत जादा चड्डी गेली. मग दोघांनी घरी कागद दुमडून स्वतःचं पुस्तक केलं: शाळेचं फाटक, बस, एरंडोल, तळं, डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी, शेवटी आईची स्कूटी. एरंडोलच्या पानावर त्यानं संडासाचं दार काढलं, बसपेक्षा मोठं. ते पुस्तक रोज आजीला वाचून दाखवणं सुरू झालं.

शाळांना एक कळकळीची विनंती: सहलीची जागा ठरवताना शौचालय कुठे आहे ते आधी बघा. या एका धास्तीपायी कितीतरी लहान मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत.

तो सहलीला गेला. डबा अर्धा परत आला, पण कान दोनदा धरला होता.

एवढं करूनही मूल नाहीच म्हणालं, तर या वर्षी राहू द्या. आधी डबा घेऊन घरच्यांबरोबर जळगावातल्याच मेहरूण तलावावर जाऊन या. मात्र रोजच्या शाळेलाही नकार, झोपेत दचकणं, सतत पोटदुखी असं काही आठवडे चाललं, तर पुस्तकावर विसंबू नका, समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटा.